नागपूरच्या अंगणात ईक्यू६-आर प्रो : दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा अनुभव

ज्यांना घराच्या अंगणातून आकाश पाहायचे आहे आणि पुढेमागे छायाचित्रेही घ्यायची आहेत, त्यांनी आधी माउंट (दुर्बीण पेलणारा आणि फिरवणारा आधार) ठरवावा आणि उरलेल्या पैशांत दुर्बिणीची नळी घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे. मी दिवाळीच्या सुमारास स्काय-वॉचरचा ईक्यू६-आर प्रो हा संगणकीय विषुववृत्तीय (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा) माउंट घेतला. त्यावर १००० मिलिमीटर नाभीय अंतराची ८ इंची न्यूटनियन (आरशाची) दुर्बीण बसवली आणि बेसा भागातील आमच्या अंगणात हिवाळा व उन्हाळा असे दोन्ही हंगाम ती वापरली.

वजनक्षमतेचा हिशेब प्रथम मांडतो, कारण खरेदी करताना बहुतेकांचे लक्ष हँड कंट्रोलरमध्ये किती हजार खगोलीय वस्तूंची यादी आहे याकडे जाते. आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते. २०० पट विवर्धनाला साध्या आयपीसमधून (डोळ्याजवळच्या भिंगातून) आकाशाचा जेमतेम पाव अंश दिसतो, म्हणजे ट्रॅकिंग नसेल तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा मिनिटभरात दृष्टिक्षेत्र ओलांडून जातो. इतक्या सूक्ष्म मापात काम करणाऱ्या यंत्राला वाऱ्याची झुळूक किंवा फोकसरला लागलेला हातसुद्धा जाणवतो. ईक्यू६-आर प्रोची क्षमता २० किलोची आहे. माझी नळी, तिच्या कड्या, गायडस्कोप (ट्रॅकिंगवर नजर ठेवणारी छोटी दुर्बीण) आणि कॅमेरा मिळून सुमारे १२ किलो भरतात. छायाचित्रणासाठी क्षमतेच्या साठ टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा, हा जुन्या निरीक्षकांचा सल्ला मला पूर्णपणे पटला आहे. न्यूटनियनची लांब नळी वारा शिडासारखा अडवते, त्यामुळे केवळ किलोंवर जाऊन धाकटा माउंट घेणे मला योग्य वाटत नाही. या माउंटवर फोकस करताना उठलेली थरथर एक-दोन सेकंदांत शांत होते आणि शनीची कडी डोळ्यासमोर स्थिर राहते.

क्षितिज-उन्नतांश पद्धतीचा, म्हणजे आडवा आणि उभा फिरणारा, हलका आणि मांडायला सोपा गोटू (वस्तू आपोआप शोधणारा) माउंट का घेतला नाही, असे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर आपल्या अक्षांशात आहे. नागपूर २१ अंश उत्तरेला असल्यामुळे आकाशातील कितीतरी सुंदर गोष्टी आपल्या अगदी डोक्यावरून जातात. स्वाती खमध्यापासून (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून) दोन अंशांवरून, कृत्तिका तीन अंशांवरून, तर वृषभेतील खेकडा अभ्रिका एका अंशाच्या आतून मध्यमंडल (आकाशातील उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडते. नेमक्या याच जागी क्षितिज-उन्नतांश माउंटला आडव्या दिशेत फार वेगाने फिरावे लागते आणि चित्राचे स्वतःभोवती फिरणेही सर्वाधिक होते. केवळ पाहण्यासाठी थोडा वेळ थांबून काम भागते, परंतु लांब उद्भासनाच्या (एक्स्पोजरच्या) छायाचित्रात कडेचे तारे वळलेले दिसतात. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असल्यामुळे एकच मोटार एकसमान गतीने फिरते आणि हा प्रश्न उद्भवत नाही. मध्यमंडल ओलांडल्यावर नळी पलीकडच्या बाजूला उलटवून घ्यावी लागते, तेवढे मात्र सोसावे लागते.

याच अक्षांशाची दुसरी बाजू ध्रुवताऱ्याची आहे. तो आपल्याकडे उत्तर क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर असतो, म्हणजे शेजारचे दुमजली घर किंवा एखादे कडुनिंबाचे झाड त्याला सहज झाकते. जागा निवडताना बाकी सर्व बाजूंपेक्षा उत्तर दिशा मोकळी आहे का हे पाहावे. ध्रुव दिसत असला तरी माउंटमधल्या ध्रुवदर्शीतून (ध्रुवतारा पाहण्याच्या छोट्या दुर्बिणीतून) पाहण्यासाठी जमिनीशी वाकावे लागते, आणि उन्हाळ्यातल्या धुळीमुळे तो अंधूकही दिसतो. अशा वेळी सिनस्कॅन हँड कंट्रोलरमधील पोलर अलाइनमेंटची (माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी जुळवण्याची) सोय फार उपयोगी पडते. दोन-तीन ताऱ्यांवर अलाइनमेंट करून घेतली, म्हणजे यंत्राला ते तारे दाखवून दिले, की यंत्र अक्ष किती चुकला आहे ते सांगते आणि एका ताऱ्याच्या साहाय्याने तो दुरुस्त करवून घेते.

कमी अक्षांशावर समतोलासाठीच्या वजनांचा दांडा जवळजवळ सरळ खाली येतो आणि वजने तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला टेकू शकतात. त्यामुळे वीज जोडण्यापूर्वी दोन्ही अक्ष हाताने पूर्ण फिरवून पाहावेत. अक्षाच्या उंचीचा ढोबळ कोनही नळी चढवण्यापूर्वीच लावून घ्यावा, कारण पूर्ण भार असताना तो स्क्रू फिरवणे कोणत्याही जड माउंटला मानवत नाही.

गोटूच्या अचूकतेबद्दल मी समाधानी आहे. स्थान ७९ अंश ५ मिनिटे पूर्व, २१ अंश ९ मिनिटे उत्तर आणि कालविभाग +५:३० असे भरावे. तारखेत महिना आधी येतो, हे विसरू नये. त्यानंतर शौरी तारकासमूहातील एम १३ हा तारकागुच्छ असो की दक्षिणेला जेमतेम २१ अंशांपर्यंत चढणारा ओमेगा सेंटॉरी, वस्तू कमी विवर्धनाच्या आयपीसमध्ये येतेच. बेल्टवर चालणाऱ्या मोटारींचा आवाज इतका कमी आहे की मध्यरात्री शेजाऱ्यांना त्रास होत नाही. वर्मगिअरची (माउंट फिरवणाऱ्या दातेरी चाकांची) आवर्ती त्रुटी साधारण आठ मिनिटांच्या फेऱ्याने येते. पीएचडी२ हे सॉफ्टवेअर वापरून गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून गती दुरुस्त करणे) केले की ती एका विकलेच्या आसपास राहते, आणि पाच मिनिटांच्या छायाचित्रातही तारे गोल येतात.

आता आपल्या गावच्या अडचणी. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून तिपाईचे पाय थेट मातीवर ठेवू नयेत. मी प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा जाड तुकडा घट्ट बसवला आहे. गच्चीवर नेल्यास कुणी नुसते चालले तरी स्लॅबची हालचाल चित्रात उतरते. मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत भिंती आणि फरशा उष्णता सोडत असतात, तेव्हा ताऱ्यांची थरथर माउंटमुळे आहे असे समजू नये. उत्तररात्री हवा निवळते. विजेसाठी १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी, कारण कूलरच्या पाण्याने ओल्या झालेल्या अंगणात एक्स्टेंशन बोर्ड पसरणे धोक्याचे आहे. बॅटरीसोबत एका स्थानिक दुकानातून घेतलेली वायर सैल निघाली. माउंट फिरताना वीज क्षणभर तुटली की सगळी अलाइनमेंट जाते, त्यामुळे चकतीने आवळता येणाऱ्या टोकाचीच वायर मागावी.

माउंटचे डोके १७ किलोंच्या वर, तिपाई साडेसात किलो आणि वजने प्रत्येकी पाच किलो, असा हा भार आहे. तळमजला आणि अंगण असलेल्यांना तो झेपतो. रामटेकच्या पलीकडच्या अंधाऱ्या जागी न्यायचा असेल तर गाडी आणि एक सोबती हवाच. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्यांनी, किंवा ज्यांना छायाचित्रणात रस नाही त्यांनी, हा घेऊ नये. त्यांना त्याच पैशांत मोठ्या आरशाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) अधिक आनंद देईल. पावसाळ्यात मी डोके सिलिका जेलसह बंद पेटीत घरात ठेवणार आहे आणि मधूनमधून वीज जोडून दोन्ही मोटारी थोडा वेळ फिरवणार आहे.