वर्गणीचं ऑफिस की एकदाच घेतलेलं? नऊ महिने दोन्ही शेजारी-शेजारी चालवल्यावर

टेबलावरच्या डेस्कटॉपमध्ये ऑफिस होम अँड बिझनेस २०२४, एकदाच पैसे मोजून घेतलेलं. घरच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली, दरवर्षी पैसे मागणारं. फायली दोन्हीकडे आपल्या भागात असतात तशाच: मराठी अर्ज, कन्नड पत्रं, इंग्रजी करारनामे, पतसंस्थेच्या सभासद याद्या आणि ताळेबंदाच्या शीट. रोजचं टायपिंग, बेरजा, छपाई यांत नऊ महिन्यांत दोन्हींमध्ये नाव घेण्यासारखा फरक जाणवला नाही. फरक पडतो तो भोवतालच्या गोष्टींत, आणि बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात त्या गोष्टी पुण्या-मुंबईपेक्षा वेगळ्या आहेत.

आधी पैशांचं. २०२५ च्या सुरुवातीला ३६५ मध्ये कोपायलट (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) घालून दर वाढवले गेले. पर्सनल वर्षाला ४,८९९ वरून ६,८९९ रुपये झालं आणि फॅमिली ६,१९९ वरून ८,१९९ झालं. पर्सनल पाच वर्षं चालवलं तर ३४,४९५ रुपये होतात, तेही दर पुन्हा वाढले नाहीत असं धरून. पाचच वर्षं का धरायची, तर ऑफिस २०२४ ला सुरक्षा अपडेट ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंतच मिळणार आहेत. एकदाच घेतलेल्याला लोक ‘लाईफटाईम’ म्हणतात. सॉफ्टवेअर त्यानंतरही उघडेल, छापेल, पण भोकं बुजवणारं कोणी नसेल. ऑफिस २०१६ आणि २०१९ ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, २०२१ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. म्हणून दुकानात कोणी २०२१ ‘स्वस्तात’ देत असेल तर किंमत पाच वर्षांनी भागू नका, उरलेल्या महिन्यांनी भागा.

एकाच माणसाचा एकच संगणक असेल आणि एकदाच घ्यायचं ऑफिस या ३४,४९५ पेक्षा स्वस्त मिळत असेल तर हा हिशेब सरळ एकदाच घेतलेल्याच्या बाजूने जातो. फॅमिलीचं गणित मात्र वेगळं. सहा माणसं, प्रत्येकाला वेगळा १ टीबी वनड्राईव्ह (फायली ठेवायची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन जागा), आणि प्रत्येकाला एका वेळी पाच उपकरणांवर साइन-इन. घरात तिघं-चौघं खरोखर वापरणारे असतील तर माणशी वर्षाला दोन ते पावणेतीन हजार पडतात, आणि तेवढ्यात नुसती १ टीबी जागा मिळाली तरी वाईट सौदा नाही. पण ही सोय एकाच घरातल्यांसाठी आहे. गल्लीतल्या सहा जणांनी गणपतीसारखी वर्गणी काढून घ्यायचा प्रकार नियमात बसत नाही. कोपायलटही ज्याच्या नावावर वर्गणी आहे त्यालाच मिळतं, बाकी पाच जणांना नाही. वाढीच्या आधीपासूनच्या ग्राहकांना कोपायलट नसलेला जुन्या दराचा ‘क्लासिक’ प्रकार होता, पण तो समोर मांडलेला नव्हता. खात्यात ‘सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ‘कॅन्सल’ दाबलं की मग तो पर्याय पुढे यायचा. दुकानदारीची जुनीच तऱ्हा: गिऱ्हाईक उठून चाललं की खरा भाव सांगायचा.

पैसे आपोआप कापले जाण्याबद्दलही सांगायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, फक्त २४ तास आधी सूचना येते. ६,८९९ किंवा ८,१९९ त्या मर्यादेत बसतात. सूचनेचा एसएमएस नजरेतून सुटला की पुढचं वर्ष सुरू. वर्गणी घेतली त्याच दिवशी ‘रिकरिंग बिलिंग’ बंद करा. भरलेलं वर्ष तरीही पूर्ण मिळतं. त्याऐवजी डब्यातली किंवा कार्डावरची वर्षाची की, म्हणजे वर्गणी चालू करायचा कोड, घेऊन खात्यात टाकता येते. एकावर एक अशा किया टाकून मुदत पाच वर्षांपर्यंत पुढे नेता येते, म्हणजे भाव उतरलेला असताना घेऊन ठेवायची सोय आहे.

व्यापाऱ्यांनी इथे दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पर्सनल, फॅमिली आणि एकदाच घ्यायचं ‘होम २०२४’ ही तिन्ही धंद्याच्या वापरासाठी नाहीत. दुकान, कारखाना, वकिलाचं ऑफिस असेल तर ‘होम अँड बिझनेस’ किंवा ३६५ चे बिझनेस प्रकार घ्यावे लागतात. ‘होम’मध्ये आउटलूकही नसतं. दुसरी गोष्ट खास सीमाभागातली. निपाणीचा माणूस खरेदीला कोल्हापूर गाठतो. बिलावर कर्नाटकाचा, म्हणजे २९ ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक आणि १८ टक्के आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्रीवरचा जीएसटी) आहे का, ते पैसे देण्याआधी बघा. महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं बिल आणलं तर त्याची वजावट कर्नाटकातल्या नोंदणीवर मिळत नाही, आणि कोल्हापुरात मिळालेली सूट तिथेच विरघळते.

आता फाँट, कारण आपल्याकडे खरा गोंधळ तिथेच होतो. इथल्या संगणकांत तीन पिढ्यांचा मजकूर एकत्र नांदतो: श्रीलिपीतलं जुनं मराठी, नुडी किंवा बरहच्या जुन्या फाँटातलं कन्नड, आणि अलीकडचं युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांत एकच ठरलेला क्रमांक असलेलं. जुन्या फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी आत भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. फाँट बसवलेला असेल तोवर सगळं ठीक. ज्या यंत्रात तो नाही तिथे तीच फाईल म्हणजे कचरा. डेस्कटॉपवर दोन्ही प्रकारची ऑफिसं या फायली सारख्याच उघडतात. पण वर्गणीची जी मोठी जाहिरात असते, ‘फोनवर, ब्राउझरवर, कुठेही उघडा’, ती इथे फुकट जाते. फोनमध्ये श्रीलिपी नाही, त्यामुळे वनड्राईव्हवर टाकलेला ठराव फोनवर उघडला की निव्वळ चिन्हांची रांगोळी दिसते. शोध चालत नाही, स्पेलिंग तपासणी चालत नाही. एक्सेलमध्ये सभासदांची यादी वर्णानुक्रमे लावली तर ती आतल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते, म्हणजे कुठलाच क्रम नसल्यासारखी. एक यादी नुडीत आणि दुसरी युनिकोड कन्नडात असेल तर व्हीलुकअप एकही नाव जुळवत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत.

थोडक्यात, तुमच्या बहुतेक फायली जुन्या फाँटातल्या असतील तर वर्गणीच्या निम्म्या फायद्यांचे पैसे तुम्ही उगाच भरता. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा. नुडी, बरह, श्रीलिपी यांच्यासोबत त्यासाठीची साधनं मिळतात. रूपांतरानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी ओळ न ओळ तपासा. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, म्हणून चूक बहुतेक तिथेच राहते. कोर्टाच्या कागदांत ‘किर्ती’चं ‘कर्ती’ झालं की पुढचा मनस्ताप वेगळाच.

युनिकोडसाठी वेगळं टायपिंग सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज उरलेली नाही. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाईप करायचे) कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत, इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) तर आधीपासूनच होता. एकाच कागदात मराठी-कन्नड दोन्ही असतील तर निर्मला यूआय हा फाँट दोन्ही लिप्या देतो. वर्डमध्ये कंट्रोल-डी दाबून ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या रकान्यातही तोच फाँट आणि तोच आकार द्या. नाहीतर मराठी मंगलमध्ये, कन्नड तुंगामध्ये जातं आणि एकाच ओळीत अक्षरं लहान-मोठी दिसतात. मंगल आणि तुंगा नव्या विंडोजवर नसतील तर ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरी आणि कन्नड सप्लिमेंटल फाँट्स उतरवून घ्या. यातलं काहीही ऑफिसच्या प्रकारावर अवलंबून नाही, तरी विक्रेता ते वर्गणीचं वैशिष्ट्य म्हणून सांगतो. मराठी-कन्नड शब्दतपासणीचे पॅकही दोन्हींना मोफतच आहेत.

त्याच जातीची आणखी एक गोष्ट: एक्सेलमध्ये १२,३४,५६७ असे लाखाचे स्वल्पविराम येत नसतील तर त्यात ऑफिसचा दोष नाही. विंडोजच्या ‘रीजन’मध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा, दोन्हीकडे ते सरळ होतं.

छपाईत एक जाच झाला. ऑफिस २०२४ आणि ३६५ दोन्हींत नव्या कागदाचा इंग्रजी फाँट आता अ‍ॅप्टॉस असतो. २०१९ किंवा त्याआधीचं ऑफिस असलेल्या टायपिंगच्या दुकानात तो बहुतेक नसतो, मग दुसरा फाँट बसतो, ओळी सरकतात आणि स्टॅम्पपेपरवर नेमून ठेवलेल्या जागेखाली मजकूर उतरतो. वाया गेलेल्या स्टॅम्पचा मनस्ताप आपल्यालाच. बाहेर छापायचं असेल तर पीडीएफ करूनच पाठवा, आणि नॉर्मल स्टाईलमध्ये टाइम्स न्यू रोमन कायमचा करून ठेवा.

एक्सेलचंही असंच. ३६५ वर किंवा २०२४ वर एक्सलुकअप, टेक्स्टस्प्लिट वापरून केलेली शीट २०१९ वाल्याकडे गेली की सूत्रापुढे ‘एक्सएलएफएन’ लागतं आणि हात लावताच रकान्यात नाव न ओळखल्याची चूक येते. एक्सलुकअप २०२१ पासून आहे, टेक्स्टस्प्लिट आणि व्हीस्टॅक २०२४ पासून. ऑडिटरकडे काय आहे ते विचारून सूत्र लिहावं. ३६५ मध्ये नवी सूत्रं येतच राहतात, ही त्याची जमेची बाजू, आणि समोरच्याकडे ती नसतात, ही तीच बाजू उलटी करून.

पावसाळ्यात वनड्राईव्हने डोकं खाल्लं. लॅपटॉपवर पहिल्यांदा साइन-इन करताना तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर गुपचूप ढगात (क्लाउडवर) नेतो. फाईलपुढे निळ्या ढगाचं चिन्ह दिसलं तर ती संगणकात नाही, फक्त तिचं नाव आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसात इंटरनेट गेलं की अशी फाईल उघडत नाही. कामाच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, हिरवी भरीव खूण आली की काम झालं. वर्गणीच्या ऑफिसला महिन्यातून एकदा तरी इंटरनेट लागतं, नाहीतर ते संपादन बंद करून फक्त वाचायला देतं. २०२४ ला एकदा चालू केल्यावर ती कटकट नाही. वीज जाते तिथे दोन्हींत ‘ऑटोरिकव्हर’ दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणा.

वर्गणी संपल्यावर फायली गिळल्या जातात ही भीती खोटी आहे. उघडता येतं, छापता येतं, बदल करता येत नाहीत. खरी अडचण वनड्राईव्हची. मोफत जागा ५ जीबी. त्यात ३०० जीबी भरून ठेवलं असेल तर सिंक थांबतं, त्याच खात्याच्या आउटलूक मेलवरही परिणाम होतो, आणि महिनोन्‌महिने दुर्लक्ष केलं तर फायली पुसल्या जाऊ शकतात. वर्गणी सोडायच्या आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. वर्गणीत एखादा प्रोग्रामच काढून घेतला जाऊ शकतो हेही धरा. पब्लिशरचं तेच: ऑफिस २०२४ मध्ये तो नाहीच, आणि ऑक्टोबर २०२६ मध्ये ३६५ मधूनही जातो. हँडबिलं आणि लग्नपत्रिका त्यात करणाऱ्यांनी जुन्या फायली आत्ताच पीडीएफ करून ठेवाव्यात.

खरेदीत फसगत होते ती तीन ठिकाणी. ऑनलाइन पाच-सहाशे रुपयांना मिळणारं ‘प्रोफेशनल प्लस’ हा प्रकार किरकोळ विक्रीत नाहीच. ती मोठ्या संस्थांच्या परवान्याची की असते आणि कधीही बंद पडते. दुसरं, विक्रेता ‘बसवून देतो’ म्हणतो आणि की स्वतःच्या ईमेलवर चालू करतो. मग हार्डडिस्क बदलली की तुमच्याकडे काहीच नसतं. सेटअप डॉट ऑफिस डॉट कॉमवर २५ अक्षरांची की आपल्याच खात्यात, आपल्यासमोर टाकून घ्या. तिसरं, नव्या लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस. ते विंडोज चालू केल्यापासून सहा महिन्यांत आपल्या खात्यात घ्यावं लागतं, आणि ते त्या लॅपटॉपलाच बांधलेलं असतं. वेगळं घेतलेलं ऑफिस मात्र जुना संगणक बाद झाल्यावर नव्यावर नेता येतं, एरवी दर ९० दिवसांतून एकदाच.

२०२४ बसवल्यावरही ‘वर्गणी संपली’ असा पिवळा पट्टा येत राहिला तर लॅपटॉपसोबत आलेली ३६५ ची चाचणी प्रत आत शिल्लक आहे. ती कधीकधी तीन-चार भाषांत वेगवेगळी बसवलेली असते. सगळ्या काढा, संगणक पुन्हा सुरू करा, मग खात्यातून २०२४ उतरवा. इंटरनेट मंद असेल तर खात्यातच ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ मिळतो. तो शहरात उतरवून पेनड्राईव्हवर न्या. शेवटी ‘फाईल’, मग ‘अकाउंट’ उघडा. तिथे ‘प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेटेड’, खाली ऑफिस २०२४ चं नाव आणि वर आपलाच ईमेल दिसला की विक्रेत्याचे उरलेले पैसे द्या.