प्रौढ वयात काढलेलं पहिलं लायसन्स: काही महिने गाडी चालवल्यानंतरचा अनुभव

आरटीओची प्रक्रिया आता बरीच सोपी झाली आहे. गाडी चालवायला शिकणं मात्र पूर्वीइतकंच वेळ घेतं. तिशी-चाळिशीत पहिलं लायसन्स काढणारे बहुतेक जण नेमकं उलटं धरून चालतात. कागदपत्रांच्या धास्तीने एजंट गाठतात आणि सराव क्लासच्या ठरलेल्या दिवसांवर सोडून देतात. काही महिने नियमित गाडी चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: एजंटचे पैसे वाचवा आणि ते सरावाच्या पेट्रोलला लावा.

लर्निंगचा, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा, अर्ज सारथी परिवहनच्या संकेतस्थळावर आधार वापरून केला, तर परीक्षाही घरूनच देता येते. त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. नाव आणि पत्ता आधारवरूनच उचलला जातो, म्हणून स्पेलिंगची चूक किंवा जुना पत्ता आधी आधारमध्ये दुरुस्त करा. नमुना 1 मध्ये तब्येतीचं स्वयंघोषणापत्र असतं. त्यातला एक प्रश्न गंभीरपणे घ्या: चांगल्या उजेडात 25 मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का? चाळिशीत चष्म्याचा नंबर बदललेला असतो आणि लक्षात आलेलं नसतं. वय 40 च्या पुढे असेल तर डॉक्टरांचं नमुना 1-अ हे प्रमाणपत्रही लागतं. परीक्षेत 15 पैकी 9 उत्तरं बरोबर आली की झालं.

अर्ज करतानाच मोटारीबरोबर गिअरची दुचाकीही निवडा. नंतर दुचाकी जोडायची म्हटलं, तर तिच्यासाठी पुन्हा लर्निंगपासून सुरुवात. केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगला प्रत्येक वर्गाचे 150 आणि परीक्षेचे 50 रुपये, तर पक्क्या लायसन्सला चाचणीचे प्रत्येक वर्गाला 300 आणि लायसन्सचे 200. कार्डाचा आणि टपालाचा खर्च वेगळा.

आता क्लासबद्दल. क्लासच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. सुरक्षिततेसाठी तो हवाच, पण शिकणाऱ्याचं नुकसानही तिथेच होतं. सिग्नलला गाडी बंद पडू नये, मागच्यांनी हॉर्न वाजवू नयेत, म्हणून शिक्षक हळूच स्वतःचा क्लच दाबतो. गाडी छान चालते आणि आपल्याला जमलंय असं वाटतं. मग घरच्या गाडीत बसल्यावर पहिल्याच चौकात ती तीनदा बंद पडते. पहिला आठवडा झाला की शिक्षकांना स्पष्ट सांगा, ‘सर, क्लचवरचा पाय काढा, गाडी बंद पडली तर पडू दे.’ चांगला शिक्षक यावर रागावत नाही.

क्लच पायात बसवायचा मार्ग एकच आहे. सपाट मोकळं मैदान, पहिला गिअर, एक्सलेटरला पाय नाही. टाच जमिनीवर टेकवून क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी स्वतःहून सरकायला लागेल. ती जागा पायाला कळेपर्यंत हेच करत राहायचं. त्यानंतर चढ. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच सोडत आणा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच धरा, थोडा एक्सलेटर द्या आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे येते कारण लोक हँडब्रेक आधी सोडतात आणि क्लच नंतर शोधतात.

लर्निंग सहा महिने चालतं आणि 30 दिवसांनी चाचणी देता येते. तिसाव्या दिवसाची घाई करू नका, पण शेवटच्या महिन्यावरही ढकलू नका. तारखा भरलेल्या असतात आणि मुदत संपली की पुन्हा नवीन लर्निंग. मधल्या काळात घरच्या गाडीवर सराव करताना शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी हवी. हे टाळून अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. शक्यतो ओढायचा हँडब्रेक असलेली गाडी घ्या. शेजारच्याचा हात तिथपर्यंत पोहोचतो.

चाचणीची पद्धत ठिकाणानुसार बदलते. पुण्यात मोटारीची चाचणी भोसरीच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते, काही ठिकाणी ती साध्या रस्त्यावर घेतात. नियमात मात्र चढावर थांबून मागे न येता निघणं आणि रिव्हर्समध्ये अरुंद जागेत शिरणं या दोन्ही गोष्टी आहेत. रिव्हर्समध्ये लोक वेगामुळे नापास होतात. गाडी पुढे गेलेली असते आणि स्टिअरिंग अजून फिरतच असतं. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, मुंगीच्या वेगाने घ्या, डावा आरसा थोडा खाली करून चाकाजवळची रेघ बघा. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा झालात तर 60 दिवस थांबावं लागतं. जी गाडी न्याल तिचं आरसी, विमा आणि पीयूसी सोबत ठेवा.

लायसन्स हातात आल्यावर जे सगळ्यात जास्त लागतं, ते क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. रात्री समोरच्या गाडीचा अपर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, डोळ्यांवर आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची. पावसात काच आतून धुरकट झाली की एसी लावून हवा काचेवर सोडायची. फडक्याने पुसत बसायचं नाही. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेकवर पाय राहिला तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा लर्निंगच्या परीक्षेत पाठ केलेला प्रश्न अरुंद घाटरस्त्यावर पहिल्याच वळणाला कामी येतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

कार्ड टपालाने यायला वेळ लागला तरी अडत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स तपासणीत कायद्याने चालतं. फक्त मूळ ॲपमधून दाखवा, कार्डाचा फोटो चालत नाही. मुदतही तपासून घ्या: 30 ते 50 या वयात काढलेलं लायसन्स दहा वर्षं चालतं आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतो.