कन्व्हर्ट सोडून मॅजिक: इमेजमॅजिक ७ सोबतचे सात महिने

आजोबांनी जपून ठेवलेले दिवाळी अंक मी सुट्टीच्या दिवशी स्कॅन करतो. कागद पिवळा पडलाय, हात लावला की कडांचे तुकडे पडतात. स्कॅनरची जड टिफ फाइल घ्यायची, पान सरळ करायचं, कागदाचा पिवळेपणा घालवायचा आणि वाचायला हलकी जेपेग काढायची, हे सगळं इमेजमॅजिक या चित्रांवर कमांड लिहून काम करणाऱ्या प्रोग्रॅमची कन्व्हर्ट कमांड करायची. सहाव्या आवृत्तीवर लिहिलेली माझी स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल, चार वर्षं बिनतक्रार चालली.

नवा लॅपटॉप घेतला तेव्हा सातवी आवृत्ती बसवली. ती २०१६ पासून उपलब्ध आहे, मीच उशिरा आलो. पहिल्याच दिवशी प्रत्येक पानामागे इशारा यायला लागला की कन्व्हर्ट आता कालबाह्य आहे, मॅजिक वापरा. मी स्क्रिप्टमध्ये नुसतं नाव बदलून ‘मॅजिक कन्व्हर्ट’ केलं. इशारा तसाच! त्या जोडनावालाही त्यांनी बाद ठरवलंय. नुसतं ‘मॅजिक’ लिहिलं तेव्हा तो थांबला, पण आता स्क्रिप्टच अडली. म्हणे, ज्यावर क्रिया करायची ते चित्रच सापडत नाही.

खरा फरक इथेच आहे. जुन्या कन्व्हर्टला ‘अर्ध्या आकाराचं कर’ हे आधी सांगून फाइलचं नाव नंतर दिलं तरी ते समजून घ्यायचं. मॅजिक कमांड डावीकडून उजवीकडे वाचतं आणि वाचता वाचता करत जातं. त्यामुळे आधी चित्र, मग त्यावरच्या क्रिया, शेवटी नवी फाइल. फक्त वाचतानाच लागणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ पीडीएफचं पान किती डीपीआयने (इंचामागे किती ठिपके) उघडायचं, त्या फाइलच्या नावाआधी येतात. दोन संध्याकाळी बसून मी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता ती वाचली की पानाचं काय काय होतं ते क्रमाने दिसतं. पूर्वी तिच्यातल्या निम्म्या गोष्टी का चालतात हे मला सांगता आलं नसतं.

दुसरी अडचण कळायला महिना गेला. पानांचा कागद पूर्वीसारखा पांढराशुभ्र होईना, मागे राखाडी झाक राहायची. मी आधी पान उजळ करतो आणि मग ऑटो-लेव्हल लावतो, म्हणजे सगळ्यात गडद भाग काळा आणि सगळ्यात उजळ भाग पांढरा करणारी क्रिया. जुन्या आवृत्तीत पांढऱ्याच्या वर गेलेली किंमत तिथेच कापली जायची. मी बसवलेली सातवी आवृत्ती एचडीआरआय प्रकारची आहे. ती मधल्या किमती दशांशात ठेवते आणि पांढऱ्याच्या पलीकडचंही लक्षात ठेवते. मग ऑटो-लेव्हल त्या पलीकडच्या टोकाला पांढरा मानून बाकी सगळं खाली ओढतं. दोन्ही पायऱ्यांच्या मध्ये मर्यादेबाहेरच्या किमती कापणारा क्लॅम्प हा एक शब्द घातला आणि कागद पांढरा झाला. फोटोंसाठी हीच सोय वरदान आहे, कारण उजळ करून परत गडद केलं तरी तपशील जात नाही.

मेमरीचं गणितही बदललंय. ए-फोर पान ६०० डीपीआयला स्कॅन केलं की सुमारे ४९६० × ७०१६ पिक्सेल होतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी. सहावी आवृत्ती, सोळा-बिट असेल तर, पान रंगीत असो वा काळंपांढरं, प्रत्येक पिक्सेलला ८ बाइट घ्यायची, म्हणजे २८० एमबीच्या आसपास. सातवी जेवढे चॅनेल, म्हणजे रंगाचे वेगवेगळे थर, तेवढीच जागा घेते. एचडीआरआयमध्ये ग्रेस्केलला, म्हणजे काळ्यापांढऱ्या पानाला, पिक्सेलमागे ४ बाइट लागतात, रंगीत आरजीबीला १२. आतली मजकुराची पानं निम्म्यात बसतात, मुखपृष्ठं मात्र दीडपट जड पडतात. माझ्याकडे मजकुराचीच पानं जास्त, त्यामुळे मी फायद्यात आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट छोटीशी आहे. मुखपृष्ठांची चौकोनी लघुचित्रं करायला पूर्वी आधी लांबी-रुंदी विचारायची, मोठी बाजू शोधायची आणि मग दुसरी कमांड चालवायची. आता हा हिशेब त्याच कमांडच्या आत, आकाराच्या जागी लिहिता येतो.

देवनागरी मजकूर चित्रावर टाकणाऱ्यांनी एक पाहावं. तुम्ही बसवलेल्या इमेजमॅजिकमध्ये राक्म ही अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी नसेल तर मजकूर लिहिणाऱ्या साध्या ॲनोटेटने जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. आवृत्ती विचारली की डेलिगेट्सच्या, म्हणजे सोबत जोडलेल्या लायब्ररींच्या, यादीत तिचं नाव दिसतं की नाही ते बघा. नसेल तर पँगो ही मजकूर मांडणारी दुसरी सोय वापरा. तसंच, इमेजमॅजिकला काय करू द्यायचं याचे नियम असलेल्या पॉलिसीच्या फाइलमध्ये तुम्ही काही बदल केले असतील तर ते आपोआप येत नाहीत, सातव्या आवृत्तीचं फोल्डर वेगळं आहे.

विंडोजवाल्यांसाठी तर नव्या नावाचा फायदा सरळ आहे. तिथे कन्व्हर्ट नावाची विंडोजची स्वतःची कमांड आधीपासून आहे, डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-रचनेत बदलणारी. माझ्या मावसभावाने जुनी स्क्रिप्ट चालवली तेव्हा तीच जागी झाली आणि चुकीचं पॅरामीटर म्हणून थांबली. नवी स्क्रिप्ट त्याच्याकडे पहिल्या फटक्यात चालली, आणि आता मुखपृष्ठांचं काम त्याने त्याच्याकडे घेतलंय.