मानसशास्त्र की समाजशास्त्र? शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडताना

दोन्ही विषय माणसाबद्दलचे, दोन्हींत वाचन भरपूर. त्यामुळे ‘कोणताही घेतला तरी चालेल’ असं अनेकांना वाटतं. पण एखादं म्हणणं सिद्ध करायची दोघांची रीत अगदी वेगळी आहे, आणि दोन वर्षं कोणाशी पटेल हे त्या रीतीवरच ठरतं.

एखाद्या मुलाला परीक्षेत कमी गुण पडले, तर मानसशास्त्र त्या मुलापासून सुरुवात करतं: झोप, चिंता, पाठांतराची पद्धत, लक्ष किती वेळ टिकतं. समाजशास्त्र आधी पाहतं की कमी गुण मिळवणारी मुलं कोणत्या घरांतून येतात, पालक किती शिकलेले आहेत, शिक्षकांनी ‘कच्चा’ असा शिक्का मारलाय का. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येसारखी अत्यंत खासगी वाटणारी गोष्टही माणसाच्या समूहाशी असलेल्या बंधांवरून समजावून दिली. अशा मांडणीने तुमचं कुतूहल जागं होत असेल, तर तुमचा कल समाजशास्त्राकडे आहे.

मानसशास्त्रात अपेक्षाभंग होतो तो बहुधा त्यातल्या विज्ञानामुळे. मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइप्त्सिगला प्रयोगशाळा उघडली, तेव्हापासून मोजमाप हा या विषयाचा कणा आहे. चेतापेशी, मेंदूचे भाग, मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत), सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात) हे सगळं येतं. गणित अवघड नसतं, पण टाळता येत नाही.

प्रात्यक्षिकाचं उदाहरण पाहा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग वर्गात सहज करता येतो. वीस-वीस शब्दांच्या दोन याद्या करायच्या. एकीत ‘लाल’ हा शब्द लाल शाईत, दुसरीत तोच निळ्या किंवा हिरव्या शाईत. प्रयुक्ताने (ज्याच्यावर प्रयोग करतो त्याने) शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. आपण सेकंद मोजायचे. वाचन आपोआप होतं आणि रंग सांगण्याच्या आड येतं, म्हणून दुसऱ्या यादीला जास्त वेळ लागतो. चुका इथे होतात: सगळ्यांना आधी सोपी यादी दिली, तर सराव किंवा थकवा निकालात मिसळतो. म्हणून निम्म्या प्रयुक्तांना उलट क्रम द्यावा. रंगांधळेपणाची चौकशी आधी करावी, आणि अभ्युपगम (काय निष्पन्न होईल याचा आपला अंदाज) प्रयोग संपेपर्यंत सांगू नये. संमती मात्र सुरुवातीलाच घ्यायची. असा काटेकोरपणा कंटाळवाणा वाटत असेल, तर हा विषय जड जाईल.

समाजशास्त्रातलं कौशल्य प्रश्नावलीत आणि युक्तिवादात दिसतं. ‘तुमचे पालक कडक आणि जुन्या विचारांचे आहेत का?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेत. ‘हो’ म्हणजे नेमकं कशाला हो, ते कळत नाही. फक्त मित्रांनाच विचारलं, तर नमुना एकांगी होतो.

उत्तरलेखनही निराळं. मानसशास्त्रात हेतू, पद्धत, निष्कर्ष आणि त्या संशोधनाच्या मर्यादा लिहाव्या लागतात. नावं आणि सनावळी पाठ करून मर्यादा सोडल्या की गुण अडतात. स्मरणाबद्दल लिहिताना जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांचं नाव पुरत नाही: त्यांनी निरर्थक शब्दघटक वापरले आणि प्रयोग स्वतःवरच केले, त्यामुळे रोजच्या अर्थपूर्ण आठवणींना ते निष्कर्ष कितपत लागू होतात, हा मुद्दा यायला हवा. समाजशास्त्रात कार्यवादी (समाजाचा प्रत्येक भाग त्याला टिकवायला काय करतो ते पाहणारा) आणि संघर्षवादी (गटांमधल्या सत्ता-साधनांच्या झगड्यावर भर देणारा) दृष्टिकोन समोरासमोर ठेवून दीर्घ उत्तर उभं करायचं असतं. भाषेवर पकड असणाऱ्यांना तिथे मोकळीक मिळते.

मन वाचायला शिकण्यासाठी मानसशास्त्र घेऊ नका. ते कुठेच शिकवत नाहीत. स्वतःचा त्रास सुटावा म्हणून घेत असाल, तर आधी समुपदेशकाशी बोला. वर्ग म्हणजे उपचार नव्हे, आणि नैराश्यावरचं प्रकरण एकट्याने वाचताना जड जाऊ शकतं.

पुढच्या वाटेचं म्हणाल, तर मानसोपचारतज्ज्ञ व्हायला वैद्यकीय शिक्षण लागतं; त्या विचारात असाल तर जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र आधी पक्कं करा.

अजूनही ठरत नसेल, तर मानसशास्त्रातलं स्मरणाचं आणि समाजशास्त्रातलं सामाजिक स्तरीकरणाचं (समाजातल्या उच्च-नीच थरांचं) प्रकरण वाचा. पुस्तक मिटून प्रत्येकावर एक पान लिहा. लिहिता लिहिता जिथे ‘पण हे कसं तपासलं?’ असं वाटलं, तिथे मानसशास्त्र घ्या. ‘पण हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं का?’ असं वाटलं, तर समाजशास्त्र.