घरात लहान मूल आणि शिवणाची हौस: हातशिलाई, हँडलची मशीन, पायमशीन की विजेची?

“कोणती मशीन घेऊ?” असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: शिवता शिवता मध्येच धावत उठावं लागलं, तर सुई कुठे असेल?

प्रश्न विचित्र वाटेल, पण घरात दोन-तीन वर्षांचं मूल असलं की सगळं तिथेच अडतं. दुकानदार टाक्यांचे प्रकार मोजून दाखवतो, जाहिरातवाले वेग सांगतात. माझी लेक आता साडेतीन वर्षांची आहे आणि ती झाल्यापासून मी सलग तासभर शिवत बसले असे दिवस बोटांवर मोजता येतील. दहा मिनिटं बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. त्यामुळे मशीन किती पटकन मांडता येते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती पटकन आवरता येते, यावरच मी तिची किंमत करते. ती रांगत होती तेव्हा मी हातानेच शिवत असे. मग मोह होऊन एक बॅटरीवरची चिमुकली मशीन घेतली, तिच्यावर वैतागून आजीची पायमशीन बाहेर काढली आणि आता विजेची वापरते. मध्ये दोन महिने मैत्रिणीची हँडलची मशीनही घरी होती.

वेगाचं आधीच सांगून टाकते. लहान मुलाच्या साध्या पायजम्याची सगळी शिवण धरून साधारण तीन मीटर भरते. तीन मिलिमीटरच्या टाक्याने हाताने शिवायची तर हजार टाके. मिनिटाला वीस टाके पडले तरी पन्नास मिनिटं. मशीनवर टाका अडीच मिलिमीटरचा धरला तर बाराशे टाके, आणि मशीन मिनिटाला चारशेच्या संथ गतीने चालवली तरी तीन मिनिटांचं काम. म्हणजे प्रत्यक्ष सुई पळते ती तीन मिनिटं. बाकीचा वेळ बेतणं, कापणं, टाचणं, इस्त्री फिरवणं आणि चुकलेलं उसवणं यात जातो. मिनिटाला हजार टाके घालणारी मशीन आणली तर वाचतात दीड-दोन मिनिटं. तेवढी तर बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, शोधण्यात जातात.

हातशिलाईला लोक उगाच हलक्यात घेतात. सुईदोरा, कात्री, टाचण्या आणि घट्ट झाकणाचा डबा, एवढंच सामान. आवाज नाही, त्यामुळे बाळ शेजारी झोपलेलं असतानाही काम चालतं, आणि हे कुठल्याच मशीनला जमत नाही. लाळेरं, टोपडं, दुपट्याची कड, उसवलेला खिसा, यासाठी मशीन मांडणं म्हणजे निव्वळ खटाटोप. चुण्या काढायला धावदोरा, पण खरी शिवण घालायची ती उलट्या टिपेने. तिच्यात प्रत्येक टाका मागे जाऊन पुढे येतो, त्यामुळे एखादा तुटला तरी अख्खी शिवण सुटत नाही आणि मुलाने गुडघा वाकवला तरी तग धरते. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत मोजून तोडायचा. आळस करून लांब घेतला की गुंता ठरलेला.

हातशिलाईचा धोका एकच, पण तो मोठा आहे. मशीनची सुई निदान जागेवर असते, हातातली कुठेही जाते. म्हणून सुईत दोरा नेहमी ओवलेला ठेवायचा, तो लोंबता दिसला की सुई सापडते. टाचण्या मोठ्या रंगीत डोक्यांच्या आणि मोजून बारा. उठताना बारा डब्यात. एकदा अकराच भरल्या. लेकीला पलंगावर बसवलं, सतरंजीवरून लोहचुंबक फिरवला, सोफ्याच्या फटीत फिरवला, झाडून झालं. बारावी निघाली तिच्याच पायजम्याच्या दुमडीत, जो मी शिवून पूर्ण झाला म्हणून घडी करून ठेवला होता. त्या दिवसापासून मी बहुतेक ठिकाणी टाचण्यांऐवजी कापड धरायचे चिमटे लावते. पण तेही तोंडात घालण्याएवढेच असतात, तेव्हा मोजायचे मात्र तसेच.

बॅटरीवरच्या छोट्या मशिनींबद्दल थोडक्यात: घेऊ नका. स्टेपलरसारखी हातात धरायची जी असते ती एकाच दोऱ्यावर साखळी टाका घालते. त्याचं शेवटचं टोक नीट बांधलं नाही तर उलटीकडून ओढताच सगळं सुटतं. माझ्या लेकीने चड्डीच्या कडेला लोंबणारं असंच एक टोक धरलं आणि सर्रकन अख्खी बाजू उघडली. तिला तो इतका आवडता खेळ झाला की पुढचे आठ दिवस घरातला प्रत्येक दोरा ओढून पाहण्यात गेले. टेबलावर ठेवायची छोटी मशीन दोन दोऱ्यांवर शिवते खरी, पण चार पदर एकत्र आले, म्हणजे कमरेच्या नेफ्याशी पोचलो, की घुरघुरून थांबते. आणि ती दिसते खेळण्यासारखी. लहान मुलाच्या घरात सुई असलेली वस्तू खेळण्यासारखी दिसू नये.

आता खऱ्या मशिनी. हँडलची, पायाची आणि विजेची, तिन्ही सरळ टीप एकाच तत्त्वावर घालतात: वरचा दोरा सुईतून, खालचा बॉबिनचा, आणि दोघांची गुंफण कापडाच्या मधोमध. अमेरिकन संशोधक एलियस हाउ यांना १८४६ साली पेटंट मिळालं ते याच प्रकारच्या दुदोरी टाक्याच्या मशीनसाठी. त्यामुळे “जुन्या मशीनची शिवण कच्ची असते का?” या शंकेला अर्थ नाही. सूती कापडावरची सरळ टीप तिन्हीकडे सारखीच पक्की. फरक आहे तो मशीन फिरवतं कोण आणि थांबवतं कोण, यात.

हँडलच्या मशीनकडून माझी काही अपेक्षा नव्हती, आणि तिनेच मला जिंकलं. हात काढला की ती थांबते, जागच्या जागी. एकेक टाका मोजून घालता येतो, त्यामुळे खिशाचा कोपरा, गळ्याचं वळण अशा जागी घाई होत नाही. तोटाही तिथेच आहे: उजवा हात हँडलवर अडकतो आणि कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळावं लागतं. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावताना मला दोनदा उसवावं लागलं. पण मग एक गंमत कळली. हँडल चाकाशी, म्हणजे मशीनच्या उजव्या टोकाला असतं आणि सुई डाव्या. लेकीला उजवीकडे उंच खुर्चीवर बसवून हँडल तिच्या हाती दिलं. तिचा हात सुईपर्यंत पोचत नाही, माझे दोन्ही हात कापडावर मोकळे. मी “चल” म्हटलं की फिरवायचं, “थांब” म्हटलं की सोडायचं. ती “थांब” ऐकते, हे मला या मशीनमुळे कळलं. एरवी पुरावा नव्हता. तीनच्या आतल्या मुलाला मात्र हे देऊ नये, आणि मोठं मूल असलं तरी आपली नजर हलता कामा नये. शिवाय जुन्या मशिनी बिडाच्या, चांगल्याच जड असतात. टेबलाच्या काठापासून आत ठेवा आणि खाली लोंबणारं कापड मुलाच्या हाती लागू देऊ नका.

पायमशीनवर माझा जीव आहे. दोन्ही हात मोकळे, वीज लागत नाही, वेग पायाच्या अंगठ्यात. पण तिची रचना पाहा: फिरतं चाक, त्यावरून जाणारा पट्टा आणि हलणारी पावडी, सगळं जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीत. म्हणजे नेमकं मुलाच्या डोळ्यांसमोर. आमची बया मशीनखाली घर करून बसते आणि चाकाला हात लावून “गाडी” म्हणते. पट्टा आणि चाकाच्या खाचेमध्ये बोट सापडलं तर काय होईल ते लिहीत नाही. ती वापरत होते तेव्हा मी उठताना दर वेळी पट्टा चाकावरून उतरवत असे, दहा सेकंदांचं काम आहे. पण दर दहा मिनिटांनी उठणाऱ्या बाईने दर वेळी ते करणं आणि एकदाही न विसरणं, याची हमी मी स्वतःची देत नाही. नव्याने शिकणाऱ्यांची आणखी एक अडचण म्हणजे चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो किंवा खाली गोळा होतो. पहिला आठवडा दोरा न ओवता कागदावरच्या रेघांवर चालवा. पाय बसला की मग विसरत नाही.

विजेच्या मशीनचा खरा फायदा वेग नाही, झिगझॅग म्हणजे नागमोडी टाका आहे. मुलांचे निम्मे कपडे होजियरीचे असतात. ताणणाऱ्या कापडावर साधी सरळ टीप घातली की गळा डोक्यावरून घालताना ‘टक्’ आवाज येतो, तो दोरा तुटल्याचा. बारीक झिगझॅग कापडाबरोबर ताणला जातो. सोबत गोल टोकाची सुई हवी, ती धाग्यांना भोसकत नाही, बाजूला सारून जाते. जुन्या पायमशिनी आणि हँडलच्या मशिनी बहुतेक सरळ टीपच घालतात, तेव्हा टी-शर्ट शिवायचे असतील तर निर्णय इथेच झाला. शिवाय काजही करता येतात. पुढचा भाग काढला की उरणाऱ्या अरुंद हातावर छोटी बाही आणि पायजम्याची मोरी सहज चढते. लहान कपड्यांना याचा फार उपयोग होतो. घरगुती मशीनचं वजन पाच-सहा किलोच्या आसपास, म्हणजे काम संपलं की उचलून कपाटात.

तिचा वैरी म्हणजे पायाखालचं पेडल. मी सुई ओवायला वाकले होते, लेक टेबलाखाली शिरली आणि पेडलवर उभी राहिली. सुई माझ्या बोटाच्या नखाजवळून खाली गेली. काही झालं नाही, पण त्यानंतर सुई ओवताना, बदलताना किंवा सुईखालच्या कापड दाबणाऱ्या पट्टीशी काही करताना मी आधी बटण बंद करते. उठताना प्लग काढते, बटणावर विसंबत नाही. काही मशिनींना पेडल न जोडता बटणाने चालू-बंद करायची आणि वेगावर मर्यादा घालायची सोय असते. लहान मूल असलेल्या घरी मी चाळीस नक्षीटाक्यांपेक्षा या दोन गोष्टींना जास्त पैसे देईन. त्या चाळीसपैकी मी आजवर चार वापरलेत.

मशीन कुठलीही घ्या, शिवायचं काय हेही निवडीत येतं. सूती कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि मूल तोवर वाढतं. तीन वर्षांखालच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात मावेल ते घशात अडकू शकतं. शर्टाची जवळपास सगळी बटणं त्यात मावतात, म्हणून कापडी बाहुलीचे डोळे बटणांचे न लावता दोऱ्याने भरा. टोपीला किंवा गळ्याला नाडी नको. युरोपातल्या नियमांत सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना तिथे नाडी चालतच नाही. आणि हौसेने शिवलेली उशी किंवा जाड पांघरूण बाळाच्या झोपण्याच्या जागी पहिलं वर्षभर ठेवू नका. ते जमिनीवर, आपण जागे असताना.

तर ठरवायचं कसं? मूल रांगत असेल तर वर्षभर मशीनचा विचारच सोडा, सुईदोऱ्यावर हात बसवा. पुढे मशीन पाहिजेच झाली आणि शिवणाला वेगळी खोली नसेल, तर उचलून कपाटात ठेवता येईल अशी विजेची घ्या, साधी, झिगझॅग असलेली. दार बंद होणारी खोली असेल आणि घरात पायमशीन पडून असेल, तर नवी घेण्याआधी तिला तेल घाला. मूल तीनच्या पुढचं असेल, तुम्हाला होजियरी शिवायची नसेल आणि त्याला बरोबर घ्यायची हौस असेल, तर जुनी हँडलची शोधा. माझ्याकडून एक मत त्या मशीनला जास्तच.

सध्या आमच्याकडे विजेची कपाटात आहे आणि पायमशीन मिटून टेबल झाली आहे. तिचा पट्टा उंच खिळ्याला टांगलाय. लेक त्याला साप समजते, आणि मी तो गैरसमज दूर केलेला नाही.