बास्केटबॉलच्या हॉलमध्ये गोडॉक्स एडी२०० प्रो: घ्यायचा तर जोडीने घ्या

लग्नं शूट करणाऱ्या बऱ्याच जणांच्या बॅगेत हा फ्लॅश असतोच, माझ्याही आहे. पण त्याची खरी ताकद मला कळली ती नाशिकच्या एका इनडोअर हॉलमध्ये, भाचीच्या टीमच्या मॅचेस काढायला लागल्यावर.

हॉलचे दिवे डोळ्यांना भरपूर वाटतात, कॅमेऱ्याला पुरत नाहीत. एफ/२.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स आणि १/५०० सेकंद शटर धरलं तरी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर जातो. चेहऱ्यावर नॉइज (दाणेदारपणा), डोळ्यांच्या खोबणीत काळोख, शिवाय एलईडी लुकलुकणारे असले तर फ्रेमभर पट्टे. आता माझं सेटिंग आयएसओ ८००, एफ/४, १/२५० असतं. त्यात हॉलचा उजेड तब्बल तीन स्टॉप, म्हणजे आठपट खाली जातो आणि फोटो जवळजवळ पूर्णपणे फ्लॅशवर निघतो. पट्ट्यांचा प्रश्नही तिथेच मिटतो.

१/२५० ला खेळाडू हलणार नाही का, असं सगळे विचारतात. इथे हालचाल गोठवतो तो फ्लॅश, शटर नाही. फ्लॅश जितका कमी वेळ पेटतो तितका फोटो धारदार. एडी२०० प्रो फुल पॉवरला १/२२० सेकंद पेटतो, म्हणजे बॉलच्या मागे शेपूट दिसणारच. पॉवर उतरवत गेलं की ही वेळ कमी होत जाते, थेट १/१३००० पर्यंत. म्हणून एकच फ्लॅश फुल पॉवरवर ताणण्यापेक्षा दोन फ्लॅश १/४ पॉवरवर ठेवलेले कधीही चांगले. रिंगजवळ उडी मारलेल्या पोरीच्या बोटांची पेरं, कपाळावरून सुटलेला घामाचा थेंब, बॉलवरचे बारीक उंचवटे, सगळं स्पष्ट येतं. हे मला या फ्लॅशचं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

दोन्ही फ्लॅश मी गॅलरीच्या रेलिंगला सुपर क्लॅम्पने (घट्ट पकडणाऱ्या चिमट्याने) लावतो, एक बेसलाइनच्या कोपऱ्यात, दुसरा समोरच्या साइडलाइनवर, आणि दोन्हींना स्टीलची सेफ्टी वायर बांधतोच. खाली पोरं खेळत असतात, तिथे तडजोड नाही. झोत रिंगसमोरच्या भागावर. कोर्ट २८ मीटर लांब असतं, त्यामुळे दोन युनिटमध्ये एकच बास्केट नीट उजळतं. हाफ टाइमला टीम बाजू बदलतात, तेव्हा दोन्ही टीमचे अटॅक आपोआप मिळतात.

मॅचआधी पंचांची आणि दोन्ही कोचची परवानगी घेतो. एका कोच मॅडमनी विचारलं, "दादा, पोरींच्या डोळ्यांवर येणार नाही ना?" म्हटलं, "मॅडम, तुम्हीच रिंगखाली उभ्या राहा, मी फ्लॅश मारून दाखवतो." त्यांनी वर बघत दोन-तीन लेअप टाकले आणि हो म्हणाल्या. नाही म्हणाल्या असत्या तर फ्लॅश उतरवले असते.

एका गोष्टीची तयारी ठेवा: बर्स्ट, म्हणजे सलग धडाधड फ्रेम मारणं, विसरायचा. फुल पॉवरनंतर रिसायकलला (फ्लॅश पुन्हा चार्ज व्हायला) १.८ सेकंदापर्यंत लागतात. १/४ ला बरंच लवकर होतं, पण सेकंदाला दहा फ्रेम मारल्या तर बहुतेक काळ्याच येणार. एका उडीला एकच फ्रेम. एनबीएमध्ये छताखालच्या कॅटवॉकवर मोठे स्ट्रोब बसवून शूट करणाऱ्यांनाही रिसायकलची वाट बघावी लागते. याने टायमिंग सुधारतं. मला तर खेळ जास्त कळायला लागला, कोण डाव्या हाताने फिनिश करते, कोण आधी हुलकावणी देते.

हाय स्पीड सिंक (खूप वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवायचा मोड) इथे वापरू नका. त्यात पॉवर पडते आणि फ्लॅशचा झटपट झोतच हरवतो, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

बॅटरी फुल पॉवरला ५०० फ्लॅश देते, त्यामुळे १/४ वर एका मॅचची काळजी नाही. कॅमेऱ्यावर लावलेल्या एक्सप्रो ट्रिगरवरून (फ्लॅशच्या वायरलेस रिमोटवरून) दोन्हींची पॉवर खालूनच बदलता येते, सारखं गॅलरीत पळावं लागत नाही. गोडॉक्सच्याच मोठ्या एडी६०० प्रो फ्लॅशला ताकद जास्त आहे, पण जवळपास ३ किलोचा डबा पोरींच्या डोक्यावर टांगायला माझं मन धजत नाही. हॉलमधल्या मॅचेससाठी माझं मत एडी२०० प्रोच्या जोडीलाच.