हॅमिल्टन भारी की गोव्हन?

स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या इतिहासात गाजलेल्या या दोन मतदारसंघांपैकी नाव हॅमिल्टनचं होतं, पण माझं मत गोव्हनला. १९६७ च्या पोटनिवडणुकीत पार्टीच्या विनी यूइंग यांनी हॅमिल्टन हा मजूर पक्षाचा बालेकिल्ला १,७९९ मतांनी घेतला. १९७० मध्ये तो गेला, तो गेलाच.

जहाजबांधणीवर जगणाऱ्या ग्लासगोच्या गोव्हनने मात्र दोनदा दणका दिला. १९७३ मध्ये पार्टीच्याच मार्गो मॅकडॉनल्ड ५७१ मतांनी निवडून आल्या आणि चार महिन्यांच्या आत पडल्या. (१९७८ मध्ये त्या हॅमिल्टनमधूनही लढल्या, हरल्या.) १९८८ मध्ये त्यांचे पती जिम सिलर्स, एकेकाळचे मजूर खासदार, पार्टीतर्फे तिथलं मजूर पक्षाचं १९,५०९ चं मताधिक्य उलथवून जिंकले. १९९२ ला घरी!

वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, नकाशावरून हॅमिल्टन १९९७ मध्ये गेलं, गोव्हन २००५ मध्ये.